मापाचा फ्रॉक

नोकरीतून मोकळी होऊन मला दोन वर्षं झाली, पण अजूनही कुणी दारात पिशवी घेऊन उभं राहिलं की माझ्या तोंडून आधी निघतं, "मापाचं आणलं का?" परवा शेजारच्या वहिनी घरचा कढीपत्ता द्यायला आल्या होत्या. त्या बिचाऱ्या पिशवीत डोकावून पाहायला लागल्या, आपलं काही राहिलं की काय म्हणून.

यवतमाळातल्या एका बालसंस्थेत मी तीसेक वर्षं काम केलं. लोकांना वाटायचं, मी अनाथाश्रम चालवते. माझे सासरे शेवटपर्यंत पाहुण्यांना तसंच सांगत राहिले, आणि पाहुणे माझ्याकडे पाहून "पुण्याचं काम" म्हणत राहिले. आमचं काम वेगळं होतं. एखाद्या मुलाचं घर काही काळापुरतं मोडतं. आई दवाखान्यात असते, बाप परागंदा असतो. अशा मुलाला बालगृहात न पाठवता एखाद्या नांदत्या कुटुंबात ठेवायचं. याला संगोपन म्हणतात. यात दत्तकासारखं आडनाव बदलत नाही, आणि स्वतःचं घर पुन्हा उभं राहिलं तर मूल परतही जातं. ठेवून घेणाऱ्या घराला सरकारचा थोडा हातभार असतो. पण तेवढ्यासाठी कुणी दुसऱ्याच्या लेकराची ओकारी काढत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

माझ्याकडे काय होतं? घर शोधायचं, पाहायचं, बालकल्याण समितीपुढे कागद ठेवायचे, मूल पोचवायचं आणि मग दर दोन-तीन महिन्यांनी तिथे जाऊन डोळे उघडे ठेवून चहा प्यायचा. चहा हा आमच्या कामाचा फार मोठा भाग. तो पिता पिता बघायचं, की मुलाचा कप कान तुटलेला आहे का, आणि घरातल्या इतरांचा कसा आहे. मूल पाणी मागून पितं का, की सरळ उठून माठात ग्लास बुडवतं. जे मूल न विचारता माठाकडे जातं, त्याचं घर पक्कं झालं असं मी समजायची. फॉर्ममध्ये यासाठी रकाना नव्हता. मी 'इतर शेरा'त लिहायची, "पाणी स्वतः घेते." ते वाचून खात्यातल्या साहेबांनी एकदा विचारलं, "मॅडम, गावात पाण्याची टंचाई आहे का?"

दिवाळीच्या भेटी आम्ही सुरू केल्या तेव्हा इतकं डोकं चालवलं नव्हतं. गावात आवाहन केलं. यवतमाळचे लोक द्यायला बसले की हात आखडत नाहीत. ऑफिसात कपड्यांचा ढीग पडला. आम्ही मुलांची वयं पाहून ते वाटले. आता आमच्या मुलांची कागदावरची वयं म्हणजे शाळेत नाव घालताना गुरुजींनी चेहरा पाहून ठरवलेली. तेरा वर्षांच्या एका पोराला दिलेली पँट त्याच्या काकाला बरोबर झाली. एका पोरीचा झगा जमीन झाडत चालला होता. शिवाय प्रत्येक पिशवीत आम्ही हौसेने पणत्या, उटणं आणि लक्ष्मीचं चित्र घातलं होतं. आपल्या घरांत बौद्ध कुटुंबं आहेत, मुसलमान कुटुंबं आहेत, हे मलाच सगळ्यांत जास्त ठाऊक; आणि विसरले तेही मीच. एका बौद्ध घरातल्या आजीने ते चित्र नीट कागदात गुंडाळून माझ्या हातात परत दिलं. म्हणाली, "हे तुमच्या घरी लावा मॅडम. उटणं राहू द्या, आंगाले चांगलं असते."

त्या वर्षीच्या उरलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन मी रफिकभाईंकडे गेले. रफिकभाई म्हणजे बसस्टँडमागच्या गल्लीतले टेलर. माझे ब्लाऊज लग्नापासून त्यांच्याकडेच. म्हटलं, "हे जरा लहान-मोठे करून द्या." त्यांनी दोन कपडे उलटेपालटे केले आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी आयुष्यात प्रथमच दुकानात आलेय.

"मॅडम, उमर पाहून कपडा शिवते का कोनी? तुमचा ब्लाऊज शिवाले टाकता तवा काय आनता?"

"मापाचा ब्लाऊज."

"मंग पोट्टे काय बिनामापाचे हायेत?"

गावाकडे टेप घेऊन कुणी माप घ्यायला येत नाही. अंगाला बरोबर बसणारा एक जुना कपडा टेलरकडे टाकायचा, त्यावरून तो नवा शिवतो. ही साधी गोष्ट. पुढच्या वर्षापासून भादव्याच्या सुमारास मी प्रत्येक घरी जायची आणि मुलाचा मापाचा कपडा पिशवीत घालून आणायची. कापड गावातले लोक द्यायचे, शिलाई रफिकभाईंची. मुलांना एकेक चिठ्ठीही लिहायला सांगायचो, कपड्याखेरीज एक वस्तू काय हवी ती. त्या चिठ्ठ्या रफिकभाईंच्या दुकानात दोरीला चिमट्यांनी लटकायच्या. चिठ्ठीवर नाव नाही, गाव नाही, नुसता नंबर. ज्याला जी आवडेल ती त्याने उतरवायची आणि वस्तू आणून द्यायची.

त्या दोरीपाशी मी माणसं जेवढी ओळखली तेवढी कुठे ओळखली नाहीत. चिठ्ठ्या वाचून लोक आधी हसायचे, मग गप्प व्हायचे, मग खिशात हात घालायचे. एका पोराने लिहिलं होतं, "म्हशीच्या गळ्यात घंटा." म्हैस त्याला ठेवून घेणाऱ्या घरची. त्याला स्वतःसाठी काही सुचलंच नव्हतं. एका पोरीला "आवाज होत नाही अशी चप्पल" हवी होती. आणि एकाने लिहिलं होतं, "कुलूप."

कुलपाची चिठ्ठी महिनाभर कुणी उतरवेना. शेवटी ती एका व्यापाऱ्याच्या हाती लागली. हे गृहस्थ आधी माझ्याशी भांडून गेलेले. त्यांना जीपला 'अनाथ बालकांना दिवाळी भेट' असा बॅनर लावून गावोगाव यायचं होतं, सोबत फोटोवाला. मी म्हटलं, "शेठ, त्या गावात ते पोरगं अनाथ नाही. ते अमक्याच्या घरचं पोरगं आहे. तुमची जीप आली की ते पुन्हा अनाथ होईल." ते रागावून गेले. आठ दिवसांनी परत आले ते त्याच चिठ्ठीपाशी अडले.

"पोराले कुलूप कायले पाह्यजे?"

मी म्हटलं, "माहीत नाही. पण ज्याच्या सगळ्या वस्तू दरवेळी दुसऱ्याच्या घरात असतात, त्याला वाटत असेल."

त्यांनी पितळी कुलूप आणलं, दोन किल्ल्यांचं, आणि सोबत पत्र्याची पेटीही, कारण "नुसतं कुलूप कशाले लावन?" पुढे मी बाजारात दिसले की ते गल्ल्यावरून ओरडायचे, "मॅडम, कुलूप चालू हाय ना?" जीपचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

अशी मजेत चाललेली आमची गाडी. मला तर वाटायला लागलं होतं, की या कामात आपल्याला आता सगळं समजतं. माणसाला असं वाटायला लागलं की समजावं, आता शेण खायची वेळ जवळ आली.

पूजा आणि राणी या दोन बहिणी. आई वारलेली, बाप ऊसतोडीला गेला तो परत आलाच नाही. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा पूजा साडेआठ वर्षांची, राणी पाच. नियम सांगतो, भावंडं शक्यतो एकत्र ठेवावीत. 'शक्यतो' हा शब्द आमच्या खात्यात फार सोयीचा. मी दोन घरं शोधली. पूजाला फुलसावंगीला सुजाताबाईंकडे ठेवलं. सुजाताबाईंचा नवरा सेंट्रिंगच्या कामावर जाणारा, घर दोन खोल्यांचं, त्यांची स्वतःची एक लहान मुलगी, करुणा. राणीला केळापूरला ठेवलं, पिठाची गिरणी चालवणाऱ्या एका वयस्क, मूलबाळ नसलेल्या जोडप्याकडे. एक जिल्ह्याच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. मधे तीन एसट्या बदलाव्या लागतात.

दोन्ही घरं चांगली निघाली. फुलसावंगीत पूजा तिसऱ्याच भेटीला माठाकडे गेली होती. मी खूष होते. केळापूरचे गिरणीवाले मात्र दीडेक वर्षाने, दिवाळीच्या तोंडावर, हळहळत म्हणाले, "मॅडम, डोळ्यानं दिसनं कमी झालं. दिवाळी झाली का गिरनी इकून पुतन्याकडं नागपूरले जातो. पोरगी नेता येत नाही, त्यायच्या घरी जागा नाही." राणीसाठी मी चार घरं पाहिली, चारी फिसकटली. दिवाळीनंतर तिला बालगृहात पाठवायचं, असा कागद माझ्या टेबलावर तयार होता. त्याच्यावर सही करायचं मी रोज उद्यावर ढकलत होते.

आणि दिवाळीच्या आठ दिवस आधी मी पूजाचा फ्रॉक घेऊन फुलसावंगीला गेले. निळा, पांढऱ्या कॉलरचा, रफिकभाईंनी खिसेही ठेवलेले. सुजाताबाईंनी हौसेने तो पूजाच्या डोक्यातून घातला. फ्रॉक खांद्यावरच अडला. ओढून पाहिला, वळवून पाहिला, तो काही खाली उतरेना. शेजारी पाच वर्षांची करुणा डोळे मोठे करून उभी होती. सुजाताबाई सहज म्हणाल्या, "पाहू बरं, हिले येते का." करुणाला तो असा बसला, की जणू तिच्याच अंगावर बेतला होता.

करुणा गिरकी घेऊन नाचायला लागली. पूजा खाली मान घालून उभी. आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

आमच्या कामात एक रोग लागतो. फसवणूक एकदा-दोनदा पाहिलेली असते, मग ती सगळीकडे दिसायला लागते. मला वाटलं, बाईने ठेवलेल्या पोरीच्या नावावर स्वतःच्या पोरीचं माप पाठवलं. कपड्यात असं करते, तर दुधात काय करत असेल, खाण्यात काय करत असेल? चहाचा कप मी तसाच खाली ठेवला, डायरी काढली आणि लिहिलं, "स्वतःच्या मुलीचे माप पाठवले. मुलींत भेदभाव. घर बदलण्याचा विचार करावा."

"काय लिवून राह्यल्या मॅडम?" सुजाताबाईंनी विचारलं.

"नेहमीचंच."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग अर्ध्या भरलेल्या कपाकडे पाहिलं. बाई शहाण्या होत्या. त्यांना सगळं समजलं, आणि त्या काही बोलल्या नाहीत. मला तेही गुन्हा कबूल केल्यासारखंच वाटलं. निळा फ्रॉक करुणाच्या अंगातून काढला तेव्हा ती रडली. मी तो पिशवीत घातला आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी रफिकभाईंकडे तणतणत गेले. मापाचा जुना फ्रॉक त्यांच्याकडेच होता. पिवळा, पुढे बदकांचं चित्र. मी सगळी हकिगत सांगितली. शिलाई चुकली असं त्यांना वाटू नये म्हणून मी मुद्दाम म्हणाले, "तुमची काही चूक नाही. त्या बाईनंच धाकट्या पोरीचा फ्रॉक दिला."

रफिकभाईंनी चष्मा पुसला, पिवळा फ्रॉक टेबलावर पसरला, नाकाला लावला, काखेची शिवण उलटी करून पाहिली. मग घडीच्या रेषेवरून बोट फिरवलं.

"हे पाहा. घडीवर रंग उडाला, बाकी जागी हाय. काखेत घाम नाही. लेकरू रोज घालते त्या फ्रॉकाले खालून मळ असते, बटन तुटलेलं असते. हे चालू माप नोहे मॅडम. वर्ष-दीड वर्ष हा फ्रॉक कोनी अंगात घातलाच नाही. घडी करून, जपून ठेवला."

"म्हणजे करुणाचा नाही?"

"दीड वर्षाआधी करुणा केवढी असन? साडेतीन. तिले हा पायापोत आला असता."

मी ऑफिसात गेले आणि कपाटातून पूजाची फाइल काढली. पहिल्याच पानावर फोटो होता, दोघी बहिणी संस्थेत आल्या त्या दिवशीचा. पूजा घाबरून कॅमेऱ्याकडे बघतेय, आणि तिचा हात धरून राणी उभी आहे. पिवळ्या फ्रॉकात. पुढे बदकं.

मी फाइल घेऊन खुर्चीवर बसले. मला रडूही आलं. वयाची पन्नाशी उलटलेली बाई ऑफिसात फाइल मांडीवर घेऊन रडते, म्हणून शिपायाने न सांगता चहा आणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने पुन्हा फुलसावंगी. आर्णी आलं, महागाव आलं, आणि मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळलं नाही. सुजाताबाई अंगणात दाळ पाखडत होत्या. "या," एवढंच म्हणाल्या. चहाचं विचारलं नाही. पूजा पायरीवर बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि पिवळा फ्रॉक तिच्या मांडीवर ठेवला.

"टेलरनं वास घेऊन ओळखलं, हे चालू माप नाही. हा राणीचा ना गं?"

ती मानेनेच हो म्हणाली.

"तू पिशवीत घातलास?"

"काकूनं माहा हिरवा फ्रॉक देला होता. मी तो काढून घेतला अन् हा टाकला." मग घाईघाईने म्हणाली, "काकूले काही नोका म्हनू. काकूले माहीत नाही."

"पण काहून गं?"

"मले दोन फ्रॉक हायेत. रानीले कोन देइन?"

"अगं, आम्ही तिलाही देतो ना. केळापूरला. तिचंही माप आणलंय मी."

पूजाने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "मले काय मालूम? तुमी कधी सांगतलंच नाही."

सूप वाजायचं थांबलं होतं. सुजाताबाई जवळ येऊन उभ्या होत्या.

"कोन रानी?"

पूजाने माझ्याकडे पाहिलं, आणि मला आठवलं. तिला पोचवायला आणलं होतं तेव्हा एसटीत मीच तिला समजावलं होतं: नव्या घरी राणीचं नाव काढून रडायचं नाही, काकूला वाईट वाटेल. असं आम्ही सगळ्याच मुलांना सांगायचो. मूल लवकर रुळावं म्हणून. त्या पोरीने माझी आज्ञा दीड वर्ष पाळली होती. बहिणीचं नाव काढलं नाही. फ्रॉक तेवढा पेटीच्या तळाशी ठेवला. आणि तिच्या मनात राणी त्या फ्रॉकाएवढीच राहिली होती. मधल्या दीड वर्षात राणी वाढली असेल, त्या मापाचा कपडा तिलाही होणार नाही, हे तिला कसं कळावं? आम्ही दोघींची गाठच घालून दिली नव्हती.

"तिची लहान बहीण," मी सांगितलं. "केळापूरला असते."

सुजाताबाईंनी पदर कमरेला खोचला. मग बोलायला लागल्या त्या थांबेनात.

"दीड वर्ष झालं पोरगी माह्या घरात झोपते, अन् तिले बहीण हाय हे मले आज समजून राह्यलं? मले कोनी विचारलं होतं का, दुसरीले ठेवता का म्हनून?"

"सुजाताबाई, घर दोन खोल्यांचं. तुमची स्वतःची मुलगी. मला वाटलं तुमच्यावर भार—"

"तुमाले वाटलं! घर माहं, खोल्या माह्या, अन् वाटते तुमाले? आमी तीन बहिनी एका गोधडीत वाढलो. आना तिले."

मी मान खाली घातली. सवयीने तोंडातून निघालं, "त्याला कागद करावे लागतात. समितीपुढं ठेवावं लागतं, घराची पुन्हा पाहणी..."

"मंग लिवा ना," सुजाताबाई म्हणाल्या. "परवा तं लय लवकर लिवलं."

मी डायरी काढली, परवाचं पान उघडलं आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. जे लिहिलं होतं ते सगळं. त्यावर आडवी रेघ मारली, खाली लिहिलं, "वरील नोंद चुकीची. चूक माझी," आणि सही केली. पान फाडलं नाही. ती डायरी अजून माझ्याकडे आहे. स्वतःबद्दल फार बरं वाटायला लागलं की काढून बघते.

सुजाताबाईंनी ऐकून घेतलं. "बरं," म्हणाल्या, आणि आत जाऊन चहा ठेवला. कप सगळ्यांसारखाच होता. मी दोन कप प्याले.

निळा फ्रॉक करुणालाच दिला. ती आता रडायची नव्हती. हिरवा मापाचा फ्रॉक घेऊन मी यवतमाळला आले, आणि रफिकभाईंनी लोकांची दिवाळीची कामं बाजूला सारून पूजाचा फ्रॉक शिवला. गिऱ्हाइकं कटकट करायला लागली तर म्हणाले, "तुमची दिवाली हर साल येते. ठहरो." त्या वर्षापासून मापांचा नियम आम्ही बदलला. घरात जेवढी मुलं, तेवढ्यांची मापं. घरची असोत की ठेवलेली. रफिकभाईंचं काम तिप्पट झालं आणि त्यांचा तोराही.

राणीचे कागद दिवाळीआधी झाले नाहीत. बालगृहाचा कागद मात्र मी फाडला, आणि समितीपुढे जाऊन माझी चूक माझ्या तोंडाने सांगितली. तिळसंक्रांतीच्या आसपास आदेश निघाला. गिरणीवाल्यांनी तोवर नागपूरला जायचं लांबवलं होतं. राणीला घ्यायला गेले तेव्हा काकांनी ज्वारीच्या पिठाचं मोठं डबडं माझ्या हातात दिलं. "तिले बारीक पीठ लागते," म्हणाले, आणि कमी दिसणारे डोळे पुसत आत गेले. एक जोडायचं तर दुसरीकडे काही तुटतं. या कामाचा मला शेवटपर्यंत राग यायचा तो यासाठीच.

तीन एसट्या बदलून आम्ही फुलसावंगीला पोचलो. पूजा फाट्यावर येऊन उभी होती, सोबत सुजाताबाई आणि करुणा. पूजाच्या हातात पिवळा फ्रॉक. राणी गाडीतून उतरली आणि पूजा तिच्याकडे बघतच राहिली. मग पुढे होऊन तिने तो फ्रॉक राणीच्या छातीला लावून पाहिला. तो गुडघ्याच्या वीतभर वरच राहिला.

"एवढी मोठी झाली तू?" पूजा म्हणाली, आणि जी रडायला लागली ती दीड वर्षाचं रडली. राणी गोंधळून तिच्या पाठीवर थोपटत होती. सुजाताबाई पदर तोंडाला लावून उभ्या. मी डबडं धरून उभी. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, तुमची पिशवी राह्यली," तेव्हा कुठे मी भानावर आले.

पुढच्या भादव्यात गुडघ्यामुळे मला एसटी चढता येत नव्हती, म्हणून घरांना निरोप पाठवला, की मापाचे कपडे एसटीने पाठवून द्या. फुलसावंगीची पिशवी आली ती मी रफिकभाईंच्या दुकानातच उघडली. आत तीन फ्रॉक होते. मोठा, मधला, लहान. एकावर डाळीचा डाग, एकाचं बटण तुटलेलं, एकाच्या खालच्या काठाला चिखल. बरोबर वहीचा कागद, पूजाच्या अक्षरात: "तिघींचं चालू माप हाय. धुतले नाही. काकू म्हने धून पाठव, मी म्हटलं नको, धुतलं का टेलर ओळखत नाही."

रफिकभाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग तिन्ही फ्रॉक एकेक करून नाकाला लावले.

"चालू हाय," म्हणाले, आणि टेप गळ्यात टाकून कापायला बसले.